भोगून झालेली शिक्षा पुन्हा उघडली जाते तेव्हा : हाँगकाँगच्या तीन विद्यार्थी कार्यकर्त्यांचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात

राजकीय खटला म्हटलं की अटक आणि निकाल हे दोनच क्षण डोळ्यांपुढे येतात. या प्रकरणात खरी कसोटी निकालानंतर लागली. हाँगकाँगच्या तीन तरुणांना खालच्या कोर्टाने सौम्य शिक्षा दिली. दोघांनी ती पूर्ण केली, तिसऱ्याची मुदतही संपली, आणि वर्षभरानंतर त्याच गुन्ह्यासाठी तिघांची रवानगी तुरुंगात झाली. पुढे सहा महिन्यांनी सर्वात वरच्या न्यायालयाने त्यांना सोडलं. मात्र सोडताना त्याच न्यायालयाने जे तत्त्व मान्य केलं, ते नंतर रस्त्यावर उतरलेल्यांना फार जड गेलं.

तिघांची नावं जगजाहीर आहेत. तरीही इथे ती घेतलेली नाहीत, कारण चेहरे बाजूला ठेवले की कोणत्या टप्प्यावर कोणी काय ठरवलं हे स्पष्ट दिसतं. शालेय विद्यार्थ्यांच्या संघटनेचा नेता, जो तेव्हा १७ वर्षांचा होता, त्याला इथे ‘धाकटा’ म्हटलं आहे. विद्यापीठीय विद्यार्थी महासंघाचा प्रमुख तो ‘सरचिटणीस’, आणि त्या रात्री व्यासपीठावर माइक ज्याच्या हातात होता तो ‘सूत्रसंचालक’. हा तिसरा तरुण पुढे आमदार झाला.

पार्श्वभूमी

१९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे गेलं, तेव्हापासून तिथली घटना म्हणजे ‘बेसिक लॉ’. शहराचा मुख्य कार्यकारी अधिकारी शेवटी सार्वत्रिक मतदानाने निवडला जावा, असं त्याच्या कलम ४५ मध्ये लिहिलेलं आहे. ‘शेवटी’ म्हणजे केव्हा, यावर वर्षानुवर्षं वाद चालू होता. ३१ ऑगस्ट २०१४ रोजी बीजिंगमधल्या राष्ट्रीय लोक काँग्रेसच्या, म्हणजे चीनच्या संसदेच्या, स्थायी समितीने आपला निर्णय दिला: २०१७ मध्ये मत सगळ्यांना देता येईल, पण उमेदवार दोन किंवा तीनच असतील, आणि प्रत्येकाला नामनिर्देशन समितीच्या निम्म्याहून अधिक सदस्यांचा पाठिंबा लागेल. समितीची घडण अशी होती की बीजिंगला नको असलेला माणूस मतपत्रिकेपर्यंत पोचणंच अशक्य. मतदाराच्या हाती आधीच चाळलेली यादी येणार होती.

२२ सप्टेंबरला विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. २६ तारखेला शाळकरी मुलंही त्यात सामील झाली.

ॲडमिरल्टी भागात सरकारी मुख्यालयाच्या पूर्वेकडच्या इमारतीपुढे एक गोलाकार मोकळी जागा आहे, मधोमध ध्वजस्तंभ. लोक तिला ‘सिव्हिक स्क्वेअर’ म्हणत. २०१२ मध्ये शाळांत ‘राष्ट्रीय शिक्षण’ हा विषय सक्तीचा करण्याचं सरकारने ठरवलं, तेव्हा हजारो मुलं आणि पालक इथेच जमले होते आणि सरकारला ती सक्ती मागे घ्यावी लागली होती. धाकटा तेव्हापासून लोकांना माहीत झाला. २०१४ च्या उन्हाळ्यात सरकारने ही जागा बंद केली आणि सप्टेंबरमध्ये तिच्याभोवती तीन मीटर उंचीचं कुंपण उभं केलं. आंदोलनाची एक जिंकलेली जागा कुंपणाआड गेली होती. पुढे कोर्टात या जागेची चर्चा सरकारी आवार म्हणूनच झाली, पण मुलांच्या लेखी ती काय होती हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या रात्रीचा निर्णय कळत नाही.

त्या रात्री काय घडलं

२६ सप्टेंबरच्या रात्री शेजारच्या टिम मेई अव्हेन्यूवर सभा होती. तिला रात्री दहापर्यंत परवानगी होती. चौकात जमण्याची परवानगी आधी मागितली गेली होती आणि ती नाकारली गेली होती. सभा संपता संपता व्यासपीठावरून आवाहन झालं: आपला चौक परत घेऊ या.

मग लोक कुंपणाकडे धावले. काही जण वर चढून आत उतरले, काही फाटकातून रेटत शिरले. धाकटा कुंपण ओलांडत असतानाच पोलिसांनी त्याला पकडलं आणि हातपाय धरून नेलं. सरचिटणीस आत पोचला होता. तो आणि इतर अनेक जण ध्वजस्तंभाभोवती हातात हात गुंफून बसले, आणि पोलिसांनी त्यांना तसंच रात्रभर घेरून ठेवलं. सूत्रसंचालक व्यासपीठावर राहून लोकांना बोलावत होता, नंतर तोही आत गेला.

फाटकाशी सुरक्षारक्षकांची फळी होती. रेटारेटीत दहा रक्षकांना दुखापत झाली. बहुतेकांना मुका मार लागला, पण एकाच्या पायाच्या बोटाचं हाड मोडलं आणि त्याला महिन्याहून जास्त रजा घ्यावी लागली. तिघांपैकी कोणी कोणावर हात उचलल्याचा आरोप नव्हता. तरी हा जायबंदी रक्षक पुढे प्रत्येक कोर्टात या खटल्याचा भाग राहिला, आणि तो तसा राहणं योग्यच होतं.

धाकट्याला पोलिसांनी चाळीस तासांहून अधिक काळ डांबून ठेवलं. २८ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने देहोपस्थितीच्या (हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबून ठेवणं कायदेशीर आहे का हे तपासण्याच्या) अर्जावर त्याच्या सुटकेचा आदेश दिला. त्याच संध्याकाळी, विद्यार्थ्यांच्या पाठिंब्यासाठी जमलेल्या गर्दीवर अश्रुधुराचा मारा झाला. लोकांनी छत्र्या उघडल्या आणि ७९ दिवसांचं ‘छत्री आंदोलन’ सुरू झालं.

खटला आणि पहिली शिक्षा

आरोप ठेवायला सरकारने जवळपास वर्ष घेतलं. कायदा होता सार्वजनिक सुव्यवस्था अध्यादेश, ब्रिटिश अमदानीत १९६७ च्या दंगलींच्या सुमारास आलेला. बेकायदा जमावासाठी त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तिघांनी गुन्हा नाकबूल केला, पण आत शिरल्याचं कधी नाकारलं नाही. तिथे जाणं हा आपला हक्क होता, हीच त्यांची बाजू होती. २१ जुलै २०१६ रोजी दंडाधिकाऱ्यांनी धाकटा आणि सरचिटणीस यांना बेकायदा जमावात भाग घेतल्याबद्दल आणि सूत्रसंचालकाला इतरांना चिथावल्याबद्दल दोषी ठरवलं.

१५ ऑगस्टला शिक्षा सुनावली गेली: धाकट्याला ८० तास समाजसेवा, सूत्रसंचालकाला १२० तास. सरचिटणीस शिकायला लंडनला जाणार असल्याने त्याला समाजसेवेऐवजी तीन आठवड्यांची, वर्षभर स्थगित ठेवलेली कैद. दंडाधिकाऱ्यांचं म्हणणं असं होतं की मुलांचा हेतू प्रामाणिक होता, त्यांनी स्वतः हिंसा केली नाही, आणि नंतर शहरात जे उसळलं त्याचा हिशेब या रात्रीच्या खात्यावर मांडणं अन्यायाचं ठरेल.

शिक्षा ठरवताना घटना होऊन दोन वर्षं उलटली होती. मधल्या काळात शहर पेटून निघालं होतं आणि जरब बसवा असा दबाव वाढत होता. तरीही दंडाधिकाऱ्यांनी २६ सप्टेंबरच्या रात्रीपुरतंच पाहिलं. या साऱ्या प्रकरणातला मला सर्वात जास्त आदर वाटतो तो याच निर्णयाचा.

सूत्रसंचालक महिन्याभरातच, सप्टेंबर २०१६ च्या निवडणुकीत विधान परिषदेवर निवडून आला. वय २३, तोवरचा सर्वात तरुण सदस्य.

पेच

हाँगकाँगमध्ये न्याय सचिव शिक्षेचा फेरविचार मागू शकतात. त्यांनी तो आधी दंडाधिकाऱ्यांकडेच मागितला आणि दंडाधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये नकार दिला. मग मागणी अपिलीय न्यायालयात गेली.

न्याय सचिव तेव्हा रिम्स्की युएन होते. अभियोग खात्यातल्या वरिष्ठांचा सल्ला तुरुंग मागू नये असा होता आणि सचिवांनी तो डावलला, अशी बातमी ‘रॉयटर्स’ने दिली. यात राजकारण नाही, असं युएन यांनी सांगितलं. त्यांच्या हेतूबद्दल मी इथे काही म्हणत नाही. मला खटकते ती रचना. हे पद मंत्र्याच्या दर्जाचं, नेमणूक सरकारी. सरकारी मुख्यालयाच्या अंगणात सरकारविरुद्ध झालेल्या निदर्शनाची शिक्षा अपुरी आहे, हे ठरवणारा माणूस त्याच सरकारातला होता. तो कितीही सचोटीचा असला, तरी त्याच्या निर्णयावर संशय राहणारच होता.

दरम्यान समाजसेवेचे तास पूर्ण झाले, स्थगित कैदेचं वर्षही सरलं. १४ जुलै २०१७ रोजी शपथविधीच्या वादावरून सूत्रसंचालकाची आमदारकी आणखी तिघांसोबत रद्द झाली.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी अपिलीय न्यायालयाने निकाल दिला: धाकट्याला सहा महिने, सरचिटणीसाला सात, सूत्रसंचालकाला आठ. कायदा मोडून न्याय मिळतो असं तरुणांच्या मनात भरवलं जात असल्याबद्दल निकालपत्रात कडक शब्द होते. दोनच दिवस आधी, ईशान्य न्यू टेरिटरीजच्या विकास योजनेविरुद्ध निदर्शनं करणाऱ्या तेरा जणांच्या समाजसेवेच्या शिक्षाही अशाच रद्द होऊन त्यांना आठ ते तेरा महिन्यांची कैद झाली होती. म्हणजे एकट्या प्रकरणाचा हा अपवाद नव्हता.

सहा, सात, आठ या आकड्यांत आणखी एक गोष्ट होती. तीन महिन्यांहून जास्त कैदेची शिक्षा झालेल्याला दोषी ठरल्यापासून पाच वर्षं विधान परिषदेची निवडणूक लढवता येत नाही. तिघांच्या शिक्षा या रेषेच्या पार पुढे होत्या.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, शिक्षा भोगून मोकळं व्हायचं. वरवर पाहता हा पराभव वाटतो, पण हिशेब करून बघू. चांगल्या वर्तनाबद्दल तिथे एक तृतीयांश सूट मिळते. म्हणजे धाकटा डिसेंबरच्या मध्याला, सरचिटणीस जानेवारीच्या सुरुवातीला आणि सूत्रसंचालक जानेवारीच्या अखेरीस बाहेर आला असता. अंतिम अपील न्यायालयाचा, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या न्यायालयाचा, निकाल लागला ६ फेब्रुवारी २०१८ ला. आत बसून राहिले असते तर निकालाआधीच तिघेही घरी असते, आणि जामिनावर सुटून पुन्हा आत जाण्याची टांगती तलवारही नसती. कायदा मोडायचा आणि त्याची किंमत मुकाट्याने मोजायची, ही सविनय कायदेभंगाची जुनी रीतही या पर्यायात पाळली जात होती.

दुसरा पर्याय, जामीन मागून अपील करायचं. वरच्या हिशेबावरून दिसतं की अपिलाने तुरुंगातले दिवस फारसे वाचणार नव्हते. वाचणार होता तो पाच वर्षांचा निवडणुकीचा हक्क. शिवाय एक तत्त्व पणाला लागलं होतं: खालच्या कोर्टाने दिलेली आणि भोगून झालेली शिक्षा नव्या कडक मोजपट्टीने पुन्हा मापता येते का? धोकाही तेवढाच मोठा होता. अपिलीय न्यायालयाची कडक सूत्रं तोवर एका न्यायालयाची होती. सर्वोच्च पातळीवर ती मान्य झाली तर सगळ्या शहराचा कायदा ठरणार होती.

देश सोडणं हा तिसरा पर्याय. १७ ऑगस्टला तिघेही कोर्टात हजर राहिले, तेव्हाच तो निकालात निघाला. सरचिटणीस लंडनला शिकून आला होता. त्याला तिथेच थांबता आलं असतं.

काय केलं

तिघांनी अपील केलं. धाकटा तेव्हा २० वर्षांचा, म्हणून त्याला पिक उक इथल्या तरुण कैद्यांच्या तुरुंगात ठेवलं होतं. तुरुंगातच तो २१ वर्षांचा झाला आणि मग प्रौढांच्या तुरुंगात गेला. २४ ऑक्टोबरला धाकटा आणि सूत्रसंचालक जामिनावर सुटले, तर सरचिटणीस दोन आठवड्यांनी बाहेर आला. १७ ऑगस्टच्या निकालानंतरच्या रविवारी तिघांच्या पाठिंब्यासाठी निघालेल्या मोर्चात रस्ते भरून गेले होते.

युक्तिवादाचा रोख ‘आम्ही बरोबर होतो’ असा नव्हता, आणि हा वकिलांचा शहाणपणा होता. त्यांचे प्रश्न अगदी नेमके होते. दंडाधिकाऱ्यांनी तत्त्वात चूक केली होती का? शिक्षा उघडपणे अपुरी होती का? दोन्हीचं उत्तर नाही असेल, तर अपिलीय न्यायालयाने हात घालायचं कारणच उरत नाही. नवी सूत्रं घालून द्यायची तर ती पुढच्यांना लावा, मागच्यांना नको.

काय निष्पन्न झालं

अंतिम अपील न्यायालयाने हे मान्य केलं. कैदेच्या शिक्षा रद्द झाल्या, दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षा कायम राहिल्या. धाकट्याबाबत आणखी एक मुद्दा निघाला. २१ वर्षांखालच्या आरोपीला दुसरा कोणताच मार्ग योग्य नसेल तरच तुरुंगात पाठवावं, असं तिथला फौजदारी कायदा सांगतो, आणि अपिलीय न्यायालयाने त्याचा विचार केलेला नव्हता.

पण त्याच निकालात असंही म्हटलं होतं की हिंसेचा अंश असलेल्या बेकायदा जमावासाठी यापुढे कडक, जरब बसवणाऱ्या शिक्षा देणं योग्य आहे, आणि हिंसा आली की सविनय कायदेभंगाच्या सबबीला फारसं वजन राहत नाही. रेटारेटीतली हिंसा सौम्य होती हेही म्हटलं गेलं, तरी ती हिंसाच धरली गेली. कोर्टाबाहेर धाकट्याने सांगितलं की हा आनंद साजरा करण्याचा दिवस नाही. निकालपत्र वाचल्यावर त्याचं म्हणणं पटतं.

राजकीय बाजू तर आधीच हातची गेली होती. सूत्रसंचालकाच्या रिकाम्या जागेची पोटनिवडणूक मार्च २०१८ मध्ये होती आणि अर्ज भरण्याची मुदत २९ जानेवारीला संपली. शिक्षा रद्द झाली ती ही मुदत संपल्यावर आठ दिवसांनी. सूत्रसंचालक आणि धाकटा यांच्या पक्षाच्या तरुण उमेदवाराचा अर्जही निवडणूक अधिकाऱ्यांनी फेटाळला. तो फेटाळणं चुकीचं होतं असं न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितलं, तोवर दुसरंच कोणी निवडून येऊन दीड वर्ष झालं होतं.

मग २०१९ चं सरकारविरोधी आंदोलन आलं. त्यात दहा हजारांहून जास्त लोकांना अटक झाली आणि त्यांच्या खटल्यांत शिक्षेची तीच कडक चौकट समोर होती. पोलीस मुख्यालयाबाहेरच्या जमावाबद्दल धाकट्याला डिसेंबर २०२० मध्ये साडेतेरा महिने झाले. त्याआधीच, ३० जून २०२० रोजी राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला होता. सूत्रसंचालकाने शहर सोडलं; २०२३ मध्ये पोलिसांनी त्याच्यावर दहा लाख हाँगकाँग डॉलरचं इनाम लावलं. विरोधी पक्षांनी घेतलेल्या अनौपचारिक पूर्वनिवडणुकीच्या खटल्यात धाकट्याला नोव्हेंबर २०२४ मध्ये चार वर्षं आठ महिने कैद झाली, आणि जून २०२५ मध्ये त्याच्यावर नवा आरोप ठेवला गेला. ८० तासांच्या समाजसेवेपासून हे अंतर आठ-नऊ वर्षांचं.

काय वेगळं करता आलं असतं

आधी चौकाबद्दल. ‘बळजबरी करायची नाही’ अशी सूचना मुलांना होती. पण अरुंद फाटक, मागून रेटणारी गर्दी आणि पुढे रक्षकांची फळी असेल, तर सूचना कितीही चांगली असो, कोणीतरी चिरडणारच. मोजके दहा-वीस जण कुंपणावरून जातील आणि बाकीचे बाहेर बसून राहतील असं ठरलं असतं, तर अंगणात बसण्याचं प्रतीक तेच राहिलं असतं आणि फिर्यादी पक्षाच्या हाती मोडलेलं हाड लागलं नसतं. याच्या उलट बाजूही मला दिसते. त्या रात्रीची झटापट आणि धाकट्याची अटक पाहूनच शहर २८ तारखेला रस्त्यावर आलं. पण जखमी रक्षक हा काही बीजिंगचा प्रतिनिधी नव्हता. नोकरीवर उभा असलेला पगारी माणूस होता, आणि त्याला इजा न होता काम होण्यासारखं असेल तर आंदोलकांनी तोच मार्ग शोधायला हवा होता.

सरकारच्या बाजूने सर्वात मोठी चूक उशिराची. शिक्षा अपुरी वाटत असेल तर ती पूर्ण होण्याआधी सांगा. तास भरून घ्यायचे आणि मग तुरुंगात धाडायचं, हे फेरविचाराच्या तरतुदीत बसत असेलही, पण शिक्षा संपली म्हणजे संपली या साध्या भरवशाला त्याने तडा जातो. फेरविचार मागण्याचा अधिकार राजकीय नेमणुकीच्या सचिवाकडे न ठेवता अभियोग संचालकाकडे दिला असता, तर निदान निर्णय कोणी घेतला यावरून तरी वाद झाला नसता.

अपील करावं की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. तिघांनी ते केलं नसतं, तर कडक सूत्रांवर सर्वोच्च शिक्का एवढ्या लवकर बसला नसता, हे खरं. पण तेरा जणांचं प्रकरण त्याच वाटेवर होतंच. ते २०१८ च्या सप्टेंबरमध्ये अंतिम न्यायालयात पोचलं आणि त्यांच्याही कैदेच्या शिक्षा रद्द झाल्या. तो प्रश्न कोणाच्या ना कोणाच्या नावाने वर जाणारच होता. म्हणून अपिलाचा दोष मी त्यांना देत नाही.

धाकट्याचं वय मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर होतं. गुन्ह्याच्या वेळी १७, पहिल्या शिक्षेच्या वेळी १९, तुरुंगात जाताना २०. एकविशीआतल्या आरोपीची तरतूद अपिलीय न्यायालयाने त्याच्यापुरती तपासली असती, तर बाकी सगळा निकाल तसाच राहूनही त्याचे दोन महिन्यांहून जास्त दिवस तुरुंगात गेले नसते असं मला वाटतं. अशा खटल्यांत तरुण आरोपीचं वय, शिक्षण आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पहिल्या सुनावणीपासून प्रत्येक पातळीवर लेखी मांडला जावा. फेरविचारात तर हे आणखी गरजेचं, कारण तिथे न्यायाधीशांसमोर माणूस थोडा आणि कागद जास्त असतो.